सात खुर्च्या आणि एक पाय

राजपत्रात नाव आलं त्या दिवशी
करंजमाळात पेढे वाटले. मीही खाल्ले दोन.
अर्जावरची चौदावी सही माझी:
सुबराव ज्ञानू कांबळे, पाणी सोडणारा, मानधनावर.

अर्ज खोटा नव्हता.
किती वर्षं आमची मतं ओढा उतरून
खाली हळदवण्याच्या पेटीत पडायची
आणि वर परत यायचं ते फक्त घरफाळ्याचं बिल.
दिव्याचे खांब आले, तेही खालीच रोवले.
"वाडीचं पुढच्या आराखड्यात बघू," म्हणायचे.
पुढचा आराखडा ही आमच्यात शिवी झाली होती.
पोरगं रात्री उशिरा घरात शिरलं की आई विचारायची,
"का रं, पुढच्या आराखड्यात येणार हुतास?"

हरकतींची सुनावणी कोल्हापुरात.
बाळाबाई चौगले ठेवणीतलं लुगडं नेसून आली.
साहेब म्हणाले, बोला.
"माझं घर वाडीत, गोठा गावात.
मधनं तुमची रेघ जाती.
दूध वाडीचं धरायचं आन् शेण गावाचं?"
साहेब हसले, कारकून हसला.
हरकत तांत्रिक, सबब अमान्य.
रंकाळा स्टँडपर्यंत ती गप्प.
एसटी सुटल्यावर म्हणाली,
"हसवायला न्हवते आले मी, सुबराव."

मग वाटणी. लोकसंख्येच्या प्रमाणात
गावाला दोन वाटे, वाडीला एक.
बावीस खुर्च्या.
विस्तार अधिकाऱ्यानं मोबाईलवर भागाकार केला:
सात, आणि वर एक तृतीयांश.
"मग मोडकीचा एक पाय द्या की," हिंदुराव म्हणाला.
दिला. खरंच दिला, पोचपावती घेऊन.
लाऊडस्पीकर वाडीला, त्याची वायर गावाला.
कपाट कुणालाच नको, किल्ली हरवलेली.
स्मशानशेडवर शिक्का मारला: सामाईक.
मेलेल्यांचं रजिस्टर मात्र फाडता येईना.
ठरलं, एकतीस मार्चपर्यंत जे गेले ते गावाचे.
माझा बा पान दोनशे बारावर.
जन्मभर वाडीत राहिला,
गेल्यावर गावकरी झाला.

पाण्यावर अडलं.
जॅकवेल भोगावतीच्या काठाला, त्यांची.
टाकी माळावर, आमची.
वीजबिल त्यांचं, उतार आमचा.
चौथ्या बैठकीत कप फुटला.
मग दोन्हीकडची माणसं माझ्याकडं बघायला लागली,
जसा मीच पाईप.
"तू कुणाचा रं?"
हातात पाना होता, तो मी या हातातनं त्या हातात घेतला.
पहाटे साडेचारला मी दोन्ही व्हॉल्व्ह फिरवतो,
डाव्याला अडीच आटे, उजव्याला दीडच,
कारण उजवा ऐकत नाही, जास्तच सोडतो.
हे कुठल्या कलमात बसवायचं
ते मला कुणी विचारलं नाही.

नवं कार्यालय समाजमंदिरात.
सात खुर्च्या. भिंतीला टेकवून ठेवलेला पाय.
कोऱ्या आवक रजिस्टरला हळदकुंकू.
नारळ फुटला, ग्रामसेविका मॅडम पेन उघडून बसल्या,
तेवढ्यात दारात तिघं उभे.
धनगरवाड्यावरचा भैरू बोडके, त्याचा पुतण्या,
आणि एक म्हातारी, उंबऱ्याच्या बाहेरच.
चौतीस घरं आहेत वर.
माझी पाईपलाईन तिथवर जात नाही,
माझं जाणंही दसऱ्यालाच.
भैरूनं कागद पुढं केला.
चुरगळलेला, पण अक्षर वळणदार:
आम्हांस स्वतंत्र ग्रामपंचायत मिळावी.

आमच्या सरपंचांनी तो दोनदा वाचला,
चष्मा काढून पुसला,
आणि म्हणाले, या कानांनी ऐकलंय मी,
"बघू की. पुढच्या आराखड्यात."

पंखा फिरत होता.
मॅडमनी लिहिलं: आवक क्रमांक एक.
म्हातारीला बसायला द्यावं म्हणून
मी खुर्ची शोधली.
सातही भरल्या होत्या.